चार मिनिटं, कार्बनचे शूज आणि एक डांगर

गेल्या वर्षी मी पन्नास किलोमीटरची डोंगरातली शर्यत दहा तास चार मिनिटांत पूर्ण केली. शर्यतीची मुदत दहा तासांची होती. त्यामुळे माझ्या मते मी ती पूर्ण केली आणि संयोजकांच्या मते मी तिथे नव्हतोच. शेवटच्या वळणावरून समाप्तीची फुगवलेली कमान दिसली तेव्हा दोघेजण तिच्यातली हवा सोडत होते. मी पोचेपर्यंत ती माझ्या कमरेएवढी उरली होती. वाकून खालून गेलो.

त्याच्या आदल्या वर्षी अर्ध्या तासाने चुकली होती. म्हणून घरी जाहीर करून टाकलं, की यंदा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. यंदाही मुदत हुकली तर पन्नासचं नाव काढायचं नाही, मुकाट्याने पंचवीसमध्ये नाव घालायचं. माझं वय चोपन्न आहे. माझा मेव्हणा संदीप पंचवीसच्या शर्यतीला 'सत्संग' म्हणतो.

याच संदीपने ऑक्टोबरात एक खोकं आणून टेबलावर ठेवलं. आत कार्बनचे ट्रेल शूज होते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तळव्यात बोटभर जाडीचा मऊ फोम असतो आणि त्याच्या मधोमध कार्बनची पातळ, कडक पट्टी. पाय टेकला की पट्टी ताणली जाते, उचलला की पुढे ढकलते, अशी कल्पना. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींत हे शूज कधीच रुळले, आता खाली दातेरी रबर लावून डोंगरात आलेत. किंमत एवढी, की तेवढ्यात बऱ्या अवस्थेतली जुनी स्कूटर यावी. संदीपने मागवले आणि त्याला एक नंबर मोठे आले.

"दाजी, तुम्हाला बरोबर बसतील," तो म्हणाला. "उपयोग झाला तर ठेवून घ्या. चार मिनिटं झोपेत निघतील."

"झोपेतच पळतात हे," आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या.

मंगल शाळेत गणित शिकवते. शूज घालून मी हॉलमध्ये दोन उड्या मारल्या आणि 'फरक आहे' असं म्हणालो. तिथेच चूक झाली. 'फरक आहे' हे वाक्य तिच्यासमोर आकड्याशिवाय बोलायचं नसतं.

"किती?"

"जाणवतो."

"जाणवतो हे एकक नाही. मोजायला कुठे जायचं ते सांगा."

अशी ही सहल ठरली.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी तिची शाळा सुटल्यावर आम्ही पेठ रोड धरला. जाणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. पहिली, रस्त्याच्या भरवशावर वेळ ठरवू नका. शहर सोडल्यावर काही पट्टे झकास आहेत, आणि झकास पट्टा संपल्याचं गाडीच्या आधी तुमच्या कमरेला कळतं. दुसरी, सावळ घाट उजेडात ओलांडा. घाटाअलीकडे द्राक्षबागांची छाटणी आटोपलेली होती. पलीकडे साग, आणि उतारावर कापलेल्या भाताचे पिवळे चौकोन. करंजाळीला चहा आणि गरम भजी घेतली. दोघांचं मिळून शंभराच्या आत झालं आणि मला वाटेत भूक लागली नाही, असं मी लिहितो आहे. मंगलच्या वहीत पुडा बांधून घेतल्याची नोंद आहे.

पेठच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत असलेल्या एका पाड्यावर हिराबाई गावितांकडे उतरलो. त्यांची मुलगी मंगलची विद्यार्थिनी होती. आता सुरतेला नोकरी करते. हिराबाई आणि त्यांचे यजमान गंगारामभाऊ, दोघंच घरी असतात. गंगारामभाऊ फार कमी बोलतात. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि रात्रीपर्यंत तेच संभाषण पुरवलं.

संध्याकाळी हिराबाईंनी सात किलोमीटरची फेरी दाखवली. घरामागून चढ, वर चार किलोमीटर टणक माळ, मग भाताची खाचरं आणि दोन खळी, आणि तिथून दोन किलोमीटर गोट्यांचा उतार थेट अंगणात. माझ्या शर्यतीचा रस्ता असाच आहे. खळी म्हणजे मळणीसाठी शेणाने सारवलेली गोल जमीन. पायवाट त्या दोन्ही खळ्यांच्या मधूनच जाते. आम्ही चपला हातात घेऊन पलीकडे गेलो. एका हाकेच्या अंतरावर दोन खळी कशाला, असा प्रश्न मला पडला, पण मंगल अंतर मोजत होती.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची काळी चटणी. चटणी जपून घ्या. मी तिसऱ्यांदा घेतली आणि पहाटेपर्यंत तिची आठवण काढत होतो.

शनिवारी सकाळी साडेसहाला अंगणात मंगलने नियम सांगितले. चार फेऱ्या. आधी नवे शूज, मग माझे जुने, परत जुने, शेवटी नवे.

"असं का?"

"दर फेरीला तुम्ही थोडे जास्त दमणार. दमणं सारखं वाढत गेलं, तर पहिली आणि चौथी मिळून जेवढं होईल तेवढंच दुसरी आणि तिसरी मिळून. दोन्ही जोडांवर सारखा अन्याय." सकाळी साडेसहाला हे मला पटलं, यावरून ती किती चांगली शिक्षिका आहे ते कळावं.

प्रत्येक फेरीला दोन खजूर, एक बाटली पाणी. प्रत्येक टप्प्यावर घड्याळाचं बटण दाबायचं. आणि शेवटचा नियम: वाटेत कुणाकडून काहीही घ्यायचं नाही. "गेल्या वर्षी पाण्याच्या टेबलांवर तुम्ही काय काय केलंत ते संदीपने मला सांगितलंय."

पहिली फेरी, नवे शूज. चढावर काहीच विशेष नाही. पट्टी कडक असल्यामुळे टाच उचलून चालताना पोटऱ्या ओढल्या जातात. पण माळावर आलो आणि संदीपचा राग राग करणं सोडून दिलं. टणक जमीन, लांब पावलं, आणि खालून दर पावलाला कुणीतरी हलकेच 'चला, चला' म्हणतंय. कुणी पाहत नाही याची खात्री करून मी जरा हसलोसुद्धा. तशाच तोऱ्यात पहिल्या खळ्याकडे आलो.

"भाऊ, पायतान!"

हिराबाई हात उंच करून उभ्या होत्या. खळ्यावर भात झोडणं चालू होतं. आदल्या दिवशी चपला काढताना ही गोष्ट मला गोष्ट वाटलीच नव्हती. आता पायात दुहेरी गाठीचे, घोट्यापर्यंत करकचून आवळलेले शूज होते. वळसा घालावा तर दोन्ही बाजूंना भाताच्या पेंढ्या. खाली बसलो, गाठी सोडल्या, शूज हातात घेऊन सारवणावरून पलीकडे गेलो, पुन्हा बसलो, पुन्हा आवळले. उठलो तर हिराबाई ओंजळभर भात घेऊन समोर.

"नको, हिराबाई. घ्यायचं नाही असं ठरलंय."

"कोनी ठरवलं? खळ्यावर आलेला मानूस रिकाम्या हातानं जात नाय."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मंगल दोन किलोमीटर लांब होती, हिराबाई दोन फुटांवर. भात पाठीवरच्या पिशवीत गेला.

दुसरं खळं त्यांच्या दिराचं, देवराममामांचं. पुन्हा गाठी, पुन्हा ओंजळ. तुम्ही आता ओळखलं असेल, की पुढे हे अनवाणी मामा मला डोंगर चढताना मागे टाकणार. तसं काही झालं नाही. मामा बसून होते. त्यांनी माझा एक शूज हातात घेऊन वाकवायचा प्रयत्न केला.

"वाकत नाय. नवा हाय म्हणून?"

"नाही मामा, वाकत नाही म्हणूनच महाग आहे."

"मंग आमच्या गंगारामला न्या दुकानात. लय पैसं येतील."

गंगारामभाऊ म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ. आता एका घरची दोन खळी का, हे विचारल्याशिवाय पुढे जाणं मला शक्य नव्हतं. मामा म्हणाले, "त्याला विचारा. ताडपत्री कोनी टाकली नाय ते विचारा." एवढ्यावर मी निघालो. उतारावर गोटे होते आणि शूज त्यांच्यावर थोडे डुगडुगत होते, पण माझं लक्ष ताडपत्रीत होतं.

दुसऱ्या फेरीत, जुन्या शूजमध्ये, मी हिराबाईंना ताडपत्रीबद्दल विचारलं. कळलं ते असं: पाच वर्षांपूर्वी एका अवकाळी रात्री सामाईक खळ्यावरच्या भातावर ताडपत्री टाकायची राहिली. दोघे भाऊ म्हणतात, पाळी दुसऱ्याची होती. तेव्हापासून खळी दोन, बैल दोघांचे मिळून आणि बोलणं बंद. "बैलांना सांगतात एकमेकांचा निरोप," हिराबाई म्हणाल्या. देवराममामांनी याला अर्धाच दुजोरा दिला. त्यांच्या मते पाळी स्पष्टपणे गंगारामची होती, कारण त्या दिवशी बुधवार होता. तिसऱ्या फेरीत मी बुधवारचं हिराबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, मंगळवार. जुने शूज मात्र ढिले असल्यामुळे खळ्यावर पायातून पटकन निघत होते. याला वहीत रकाना नव्हता.

फेऱ्यांच्या मधे अंगणात शूज बदलायचे. मंगल वही लिहायची. "पाठीवरची पिशवी दाखवा" असं ती म्हणाली नाही आणि मी दाखवली नाही.

चौथी फेरी, पुन्हा नवे शूज. माळावर तोच मजेचा धक्का, पण पाठीवर ओंजळींचं ओझं चांगलंच जाणवत होतं. देवराममामांच्या खळ्यावर मी शूज चढवत असताना ते वेलाच्या मांडवाकडे गेले आणि एक डांगर, म्हणजे लाल भोपळा, घेऊन आले. केशरी, देखणं, चारेक किलोचं.

"शेवटची फेरी ना? हे न्या."

"मामा, खरंच नको. मला उतारावर पळायचंय."

"तुमच्यासाठी नाय." ते भाताच्या राशीकडे बघत बोलत होते. "वहिनीला द्या. खाली घरीच चाललात म्हणून."

पाच वर्षं बोलणं बंद असलेला माणूस माझ्या हातात डांगर ठेवून उभा होता. मला चार मिनिटं हवी होती. डांगर घेतलं.

कार्बनचे शूज, गोट्यांचा उतार आणि काखेत डांगर, या तिन्हींची एकत्र चाचणी याआधी कुणी घेतली नसावी, म्हणून निष्कर्ष देतो. जाड तळव्यामुळे पाय जमिनीपासून उंच राहतो. गोल गोट्यावर पाऊल पडलं की पट्टी वाकत नाही, आख्खा शूज कलंडतो आणि घोट्याला एकट्याने निस्तरावं लागतं. एका हाताने तोल सावरायचा, दुसरा डांगराचा. मधल्या ओघळात मी घसरलो. त्या क्षणी गुडघा आणि डांगर यांपैकी एकच वाचवता येणार होतं. डांगराला ओरखडाही आला नाही.

अंगणात शिरलो. मंगलने आधी घड्याळ थांबवलं, वेळ लिहिली, मग चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"डांगर."

"ते दिसतंय. ते फेरीत काय करत होतं?"

लपवण्यात आता अर्थ नव्हता. पिशवी रिकामी केली. हिराबाईंच्या घरातल्या काट्यावर भात सव्वा किलोच्या जवळपास भरला. मंगलने वहीची मागची पानं चाळली. बोलणी खायची तयारी ठेवून मी गुडघा धुतला.

"दर फेरीला दोन ओंजळी. सारख्याच?"

"साधारण."

"म्हणजे ओझं सारखं वाढत गेलं. मग दमण्याचं जे झालं तेच भाताचं. दोन्ही जोडांवर सारखा अन्याय." तिने भाताचा ढीग बाजूला सारला. "भात माफ. डांगर माफ नाही. त्याने चौथ्या फेरीचा उतार बाद केला."

तेवढ्यात गंगारामभाऊ बैलांना पाणी पाजून आले. डांगराजवळ थांबले, त्याचं देठ अंगठ्याने दाबून पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला.

"देवरामच्या मांडवाचं हाय."

त्यांनी डांगर उचललं आणि आत नेऊन ठेवलं. संध्याकाळी भाजी झाली. ते दोनदा वाढून घेताना मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

जेवणानंतर मंगलने हिशोब मांडला. माळावर नवे शूज फेरीमागे सव्वा मिनिट पुढे होते. हे बऱ्यापैकी आहे, चार किलोमीटरांत. मी खूश झालो. मग तिने खळ्यांचा रकाना काढला. "चार फेऱ्यांत आठ वेळा थांबलात. एकूण सव्वीस मिनिटं. नाड्यांना इतका वेळ लागतो?"

"ताडपत्रीचा विषय निघाला होता."

"शर्यतीत टेबलं किती असतात?"

"नऊ."

"प्रत्येक टेबलावर अर्धं मिनिट कमी बोललात तर साडेचार मिनिटं." तिने पेन खाली ठेवलं. "तुमची चार तिथेच आहेत. पण असो, शूजचं पूर्ण करू."

रविवारी सकाळी बाद झालेला उतार पुन्हा मोजायचा होता. नवे, जुने, जुने, नवे, फक्त देवराममामांच्या खळ्यापासून खाली. त्यासाठी आधी वर जाणं आलं. मी निघत असताना गंगारामभाऊंनी कागदात बांधलेली खुरासणीची चटणी पुढे केली. कुणासाठी ते सांगितलं नाही. मी मंगलकडे पाहिलं.

"चढताना घड्याळ बंद आहे," ती म्हणाली.

मामांनी पुडी हुंगली, कनवटीला लावली आणि बुधवारचा विषय काढला नाही. चौथ्यांदा वर गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "मीठ कमी हाय, सांगा त्याला." खाली येऊन मी सांगितलं. गंगारामभाऊंनी बैलाकडे बघून उत्तर दिलं, ते मी इथे लिहू शकत नाही, पण ते हसत होते.

निकाल, ज्यांना शूज घ्यायचेत त्यांच्यासाठी. सात किलोमीटरांच्या फेरीत नवे शूज माळावर सव्वा मिनिट कमावतात आणि गोट्यांच्या उतारावर अर्धं मिनिट गमावतात. उरलं पाऊण मिनिट. पन्नास किलोमीटर म्हणजे अशा सात फेऱ्या, सव्वापाच मिनिटं. हे कागदावर आणि माझ्या पायांचं. तुमचा रस्ता टणक, पळता येण्याजोगा असेल तर फायदा दिसेल. सगळा डोंगर चढ-उताराचा आणि दगडधोंड्यांचा असेल तर त्या पैशांत स्कूटर घ्या. दुकानात सपाट फरशीवर उड्या मारून ठरवू नका, उतारावर नेऊन बघा. घोटा कच्चा असेल तर विसरा. आणि वाटेत खळी लागत असतील तर नाड्या ढिल्या ठेवा.

निघताना राहण्या-जेवणाचे पैसे हिराबाईंनी आढेवेढे घेत घेतले आणि भात मात्र परत घेतला नाही. सव्वा किलो भात घेऊन परतीचा सावळ घाट चढलो.

पुढचे तीन आठवडे मी बोलण्यावर ताबा ठेवण्याचा सराव केला. घरीसुद्धा. शर्यतीच्या दिवशी नवे शूज घातले. पहिल्या टेबलावर पाणी घेतलं, मान हलवली, निघालो. पाचव्या टेबलावर एक गृहस्थ म्हणाले, "चेहरा ओळखीचा वाटतो, आपण कुठले?" आयुष्यात माझ्याकडून इतकं उद्धट वर्तन झालं नव्हतं, मी गंगारामभाऊंसारखी मान हलवली आणि पळालो. शेवटच्या गोट्यांवर एकदा घोटा कलंडला, पण या वेळी दोन्ही हात मोकळे होते. वळणावरून कमान दिसली. ती पूर्ण फुगलेली होती. खालून जाताना हात वर केला तर पोचला नाही.

नऊ तास एक्कावन्न मिनिटं.

संदीपने मिठी मारली आणि शूजचं श्रेय घेतलं. मंगलने पाण्याची बाटली दिली, वेळ वहीत लिहिली आणि घरी येईपर्यंत आकडे मांडत होती. जेवायला बसल्यावर तिने वही उघडली.

"गेल्या वर्षीपेक्षा तेरा मिनिटं कमी. पण तुम्ही शूजही बदललेत आणि बोललातही नाहीत. दोन गोष्टी एकदम. आता यातली शूजची किती आणि गप्प बसण्याची किती?"

"काय फरक पडतो? मुदतीत आलो ना."

"म्हणजे आपल्याला काहीच कळलेलं नाही." ती खरोखर नाराज होती. "पुढच्या वर्षी परत पळा. शूज हेच. फक्त बोला."

"बोललो आणि हुकली तर?"

"हुकू दे. तीन आठवडे घरात जी शांतता होती ती पुरे झाली मला."

शेवटचा प्रयत्न म्हणून धरलेली शर्यत अशी प्रयोगाचा पहिला भाग ठरली. भात आम्ही अजून गिरणीतून सडून आणलेला नाही. तो काचेच्या बरणीत आहे, वर मंगलच्या अक्षरात 'चार फेऱ्या' अशी चिठ्ठी.

परवा हिराबाईंचा फोन आला. मी विचारलं, "काय मग, पुढच्या हंगामाला एकच खळं का?"

"कुठलं, भाऊ. खळी दोनच ऱ्हानार. ऐकतात का दोघं?" मग म्हणाल्या, "पन दोघंबी इचारतात, ते पळनारे भाऊ कधी यायचेत. देवराम म्हनतो काय तरी पाठवायचंय. आमचे हे म्हनतात, आपल्याकडून बी काय तरी न्यायचंय."

मी फोनवर हात ठेवून मंगलला सांगितलं. तिने पुढच्या वर्षीच्या वहीचं पहिलं पान आखायला घेतलं होतं, मान वर न करता म्हणाली, "काही हरकत नाही. फक्त वजन आधी कळवायला सांगा."